रिस्पेक्टची कमेंट आणि हजार रुपयांची पेन्शन

ही रील तुम्हीही पाहिली असेल. नक्की कुठली, याला महत्त्व नाही, कारण सगळ्या सारख्याच असतात. रस्त्याकडेची टपरी, टपरीमागे सत्तरीचं जोडपं. आजोबा चहा गाळतायत, आजी भजी तळतेय. मागे बासरी. मग एक तरुण हात कॅमेऱ्यासमोर येतो, कटिंगचा ग्लास धरतो आणि आवाज सांगतो, 'या वयात लोक आराम करतात, पण यांनी हार मानली नाही.' शेवटी आजीच्या हातात पाचशेची नोट, आजीच्या डोळ्यांत पाणी, खाली लोकेशन. कमेंटमध्ये जोडलेले हात, 'सलाम', 'रिस्पेक्ट', 'रिअल हिरो'. आणि दर दहा कमेंटमागे एक ठरलेली, 'यांची मुलं काय करतात? लाज वाटली पाहिजे.'

या रीलला माझा विरोध आहे. काढणारा दुष्ट असतो असं मी म्हणत नाही. बहुतेकदा तो बरा मुलगा असतो, पाचशेची नोटही खरी असते. पण या तीस सेकंदांत एक लबाडी होते. जे काम केल्याशिवाय त्या दोघांना संध्याकाळी जेवता येणार नाही, त्याला 'जिद्द' असं नाव मिळतं. आणि एकदा जिद्द म्हटलं की हिशोब विचारायची सोय राहत नाही. जिद्दीला कोण पेन्शन मागतं?

याच फोनवर दुसऱ्या जातीच्या रीलही येतात. निवृत्त नवरा-बायको, फ्लॅट भाड्याने दिलेला, व्हॅनमध्ये गादी, छोटा फ्रिज, स्पिती, लडाख, 'आता खरं जगायला लागलो.' त्यांचं मला वाईट वाटत नाही, हेवा वाटतो. कोचीचे विजयन आणि मोहना तर चहाचं दुकान चालवून, कर्ज काढून आणि ते फेडून जोडीने पंचवीसहून अधिक देश हिंडले. २०२१ मध्ये विजयन वारले तेव्हा देशभर बातम्या झाल्या. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण अशी एखादी जोडी सापडली की ती उरलेल्या हजारो जोड्यांवर फेकून मारायचा दगड होते. बघा, त्यांनी केलं, तुम्ही का नाही? निवृत्तीनंतर रस्त्यावर जाणं आणि निवृत्तीमुळे रस्त्यावर येणं यांत फरक आहे, आणि तो अल्गोरिदमला कळत नसला तरी आपल्याला कळायला हरकत नाही.

मी काल्हेरला राहतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ठाण्याहून बाळकुम सोडलं, खाडीवरचा कशेळीचा पूल ओलांडला की कशेळी, मग काल्हेर, पुढे पूर्णा, अंजूरफाटा आणि भिवंडी. एकेकाळी भातशेती, खाडीची मासळी, आगरी-कोळ्यांची गावं. मुंबई-ठाण्यात माल शिरला की जकात लागायची, म्हणून माल खाडीच्या अलीकडेच उतरवून ठेवायची पद्धत पडली. शेतं भरली, त्यावर पत्र्याची गोदामं उठली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, पण गोदामं गेली नाहीत, उलट वाढली, कारण तोवर तुम्ही आणि मी घरबसल्या चार्जर, चप्पल आणि प्रोटीन पावडर मागवायला लागलो होतो. आता या पट्ट्यात एका बाजूला गोदामं, दुसऱ्या बाजूला वन बीएचकेचे टॉवर, मधोमध ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो पाचचे खांब आणि त्या खांबांच्या दोन्ही बाजूंनी ट्रक. ठाण्यात अवजड गाड्यांना ठरावीक वेळीच सोडतात, त्यामुळे इकडे ट्रकांची रांग हे हवामानासारखं आहे. आज किती आहे एवढंच विचारायचं.

या रांगेला चहा लागतो.

मी ज्या टपरीवर चहा पितो ती चालवणारे दोघे सोलापूरकडचे. नावं देत नाही, जागाही नेमकी सांगत नाही. ती सांगितली की उद्या तिथे कॅमेरा उभा राहील, आणि त्या कॅमेऱ्याविरुद्धच तर मी लिहितोय. काका भिवंडीच्या एका प्रोसेस हाउसमध्ये रंगखात्यात होते, नंतर गोदामावर वॉचमन. काकूंनी घरी बसून कपड्यांचे धागे कापले, लोकांकडे धुणीभांडी केली. आता दोघंही सत्तरीच्या आसपास. खोली होती, भाडं वाढलं, सोडली. गेली काही वर्षं टपरीच्या मागे प्लायवूड आणि ताडपत्री लावून केलेल्या जागेत झोपतात. झोपण्याचं दुसरं कारण सिलिंडर. रात्री टपरी मोकळी सोडली तर सकाळी सिलिंडर जागेवर असेल याची खात्री नाही.

पहाटे चारला उठणं हे शिस्तीचं लक्षण म्हणून मोटिव्हेशनल व्हिडिओत सांगतात. काकू चारला उठतात कारण अंधार असतो. उजाडल्यावर बाईमाणसाला जायला जागा नाही. गोदामाच्या गेटच्या आत शौचालय आहे, पण गेट यांच्यासाठी नाही. दुपारी अगदीच वेळ आली तर पेट्रोल पंपापर्यंत चालत जावं लागतं, तिथेही दार कधी उघडं, कधी कुलूप. म्हणून त्या दिवसभर पाणी कमी पितात. चहाच्या टपरीवर बसलेली बाई, समोर पाण्याचा वीस लिटरचा जार, आणि ती पाणी पीत नाही. रीलमध्ये हे येत नाही, यायलाही नको. पण मग 'आजी नेहमी हसतमुख' हे तरी कशाला?

साडेचारला पातेलं चढतं. ड्रायव्हर-क्लीनर उठून तोंड धुतात, त्यांना पाणी द्यायचं, ते फुकट. साडेसहाला रात्रपाळी सुटते आणि सकाळपाळी येते, तेव्हा एक तास श्वास घ्यायला फुरसत नसते. काका चहा गाळतात, काकू पैसे घेतात आणि आलं ठेचतात. त्यांचं बोलणंही कामापुरतं. 'अहो, दोन कमी साखरेचे.' 'अगं, खारी संपली, बरणी बघ.' अकराला ऊन पत्र्यावर येतं. दुपारी ट्रक सुटले की धूळ, आणि चहावर झाकण ठेवायचं काम. रात्री दहा-अकराला पुन्हा रांग. मधे कधीतरी दोघांपैकी एक जण झोपतो. दोघं एकाच वेळी झोपलेत असं मी पाहिलेलं नाही.

रस्त्याचं काम निघालं, टपरी मागे घेतली. मेट्रोचे पत्रे लागले, टपरी बाजूला घेतली. गटाराचं काम निघालं, टपरी पुन्हा उचलली. दर वेळी हातगाडीवाला, दोन हमाल, नवी ताडपत्री आणि चार-पाच दिवसांचा धंदा बुडालेला. काका एकदा म्हणाले, 'टायर गेला तर रिमोल्ड करून मिळतो बघा, पण तोही दोनदाच.' मी हसलो, ते हसले नाहीत.

आता हिशोब. इथे बासरी वाजत नाही, तरी वाचा.

संघटित क्षेत्रातल्या खासगी कामगाराची पेन्शन योजना म्हणजे ईपीएस-९५. १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू. सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. १ सप्टेंबर २०१४ पर्यंत पगाराची कमाल मर्यादा ६,५०० रुपये धरायचे, त्यानंतर १५,०००. म्हणजे कुणी १९९५ नंतर पंधरा वर्षं पीएफमध्ये राहिला आणि २०१४ च्या आधी अठ्ठावन्नचा झाला, त्याचा पगार मर्यादेला टेकलेला होता असं जरी धरलं तरी पेन्शन बसते महिना १,३९३ रुपये. यात महागाई भत्ता नाही. आज जेवढी, दहा वर्षांनी तेवढीच. ज्यांचा पगार त्याहून कमी त्यांची त्याहून कमी, म्हणून २०१४ मध्ये सरकारने किमान पेन्शन १,००० रुपये ठरवली. ती हजारावर थांबली. किमान ७,५०० आणि महागाई भत्ता द्या म्हणून हे पेन्शनर वर्षानुवर्षं आंदोलन करतायत. बुलढाण्यात त्यांचं साखळी उपोषण किती तरी काळ चाललं. म्हाताऱ्यांचं उपोषण व्हायरल होत नाही, कारण त्यात कुणी भजी तळत नाही.

आणि ही पेन्शनही मिळते कुणाला? ज्याची दहा वर्षं भरली त्याला. कंत्राटदार अकरा महिन्यांनी बदलला, खातं नवं निघालं, जुनं जोडलंच नाही, मधे दोन वर्षं कुणी पीएफ कापलाच नाही, की दहा वर्षं काम करूनही दहा वर्षं भरत नाहीत. यंत्रमागावर बारा-बारा तास उभं राहिलेल्या माणसाकडे तर बहुतेकदा मागावर काम केल्याचा पुरावाच नसतो. गोदामात माल चढवणाऱ्यांसाठी महाराष्ट्राकडे १९६९ चा माथाडी कायदा आहे. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीने मिळवलेला आणि देशात नाव घ्यावं असा: मंडळ, नोंद, लेव्ही, त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी. पण नोंदलेल्या टोळीत नसलेला हमाल या कायद्याच्या दाराबाहेर पाठीवर खोकं घेऊन उभा असतो.

शेजारी दुसरी फूटपट्टी ठेवा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी २०२५ पासून जी युनिफाइड पेन्शन योजना आली तिच्यात दहा वर्षं सेवा झालेल्याला महिना किमान १०,००० रुपयांची हमी आहे. दहा वर्षं तिकडे, दहा हजार. दहा वर्षं इकडे, एक हजार. सरकारी कर्मचाऱ्यांवर माझा राग नाही. मार्च २०२३ मध्ये राज्यभर 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत संप झाला तेव्हा व्हॉट्सॲपवर त्यांना लुटारू म्हणणारे मेसेज फिरत होते, ते मला तेव्हाही किळसवाणे वाटले. त्यांनी मागितलं ते म्हातारपणी माणसासारखं जगण्यापुरतं होतं. ज्याला मिळतं त्याच्या ताटातलं काढा, ही मागणी आपल्याला पटकन सुचते. ज्याला मिळत नाही त्याच्या ताटात वाढा, ही का सुचत नाही?

पीएफ नाही तर सरकारी योजना आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे. महाराष्ट्रात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे, पासष्ट वर्षांवरच्यांसाठी. २०२३ पासून रक्कम महिना १,५०० रुपये झाली. तिला अट आहे कौटुंबिक वार्षिक उत्पन्नाची, आणि ती वर्षानुवर्षं २१,००० रुपये राहिली. एकवीस हजाराला बारांनी भागा. महिना १,७५०. नवरा-बायको दोघं मिळून महिन्याला साडेसतराशेपेक्षा जास्त कमावत असतील तर ते या योजनेच्या लेखी गरीब नाहीत. काल्हेरच्या रस्त्यावर कुठलीही चालती टपरी एवढे पैसे काही दिवसांत ओलांडते, नाही तर तिचा सिलिंडरच भरता येणार नाही. म्हणजे म्हाताऱ्याने दोनपैकी एक करावं: काम सोडावं आणि पंधराशेत जगावं, किंवा खोटा दाखला आणावा. दाखला मिळतो, सगळ्यांना माहीत आहे. कायद्याने जगणाऱ्याला खोटं बोलायला लावणारी अट कुणाच्या टेबलावर बसून लिहिली गेली, हे मला पाहायला आवडलं असतं.

केंद्राचा वाटा तर सांगायलाच नको, पण सांगतो. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसामागे केंद्र महिना २०० रुपये देतं. ही रक्कम ठरली तेव्हा तुमच्यातले काही जण बालवाडीत होते. वरचे पैसे राज्य घालतं. दोनशे रुपयांत काल्हेरला दिवसाला एक चहासुद्धा धड होत नाही.

मग 'त्यांना कामाची आवड आहे' हा मुद्दा येतो. हा मुद्दा मी गंभीरपणे घेतो, कारण तो बहुतेकदा म्हातारेच मांडतात. काकाही म्हणतात, 'बसून काय करणार? हात चालू आहेत तोवर चालू.' खरं आहे. हात चालवणारा माणूस रिकामा बसला की खचतो, हे आपण घराघरांत पाहतो. पण आवड कशाला म्हणायचं याची एक साधी चाचणी आहे: आज नको वाटलं तर सोडता येतं का? निवृत्त प्राध्यापक आवड म्हणून शिकवणी घेतात, ताप आला की सुट्टी देतात. गेल्या पावसाळ्यात काकांना ताप होता. काकूंनी टपरी उघडली, काका मागच्या ताडपत्रीखाली झोपून ग्लास मोजत होते. आवड असलेलं काम आजारपणात थांबतं. हे थांबलं नाही.

आणि तो कमेंटवाला: 'मुलं काय करतात?' त्याला मी उत्तर देतो. मुलगा गोदामातच असतो. पिकर आहे, कंत्राटावर. त्याच्या बायकोला दुसरं मूल झालंय, खोलीचं भाडं जातं, शाळेची फी जाते, उरलेलं मोबाइलच्या हप्त्यात, कारण मोबाइलशिवाय शिफ्ट मिळत नाही. तो आई-बापाला टाकून दिलेला राक्षस नाही. तो त्यांच्याच वाटेवर तीस वर्षं मागे आहे. सरकारने २००७ मध्ये आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा केला. मुलांनी सांभाळलं नाही तर न्यायाधिकरणाकडे जा, दरमहा पोटगी मागा. ज्यांची मुलं कमावती आणि निर्लज्ज आहेत त्यांना तो उपयोगी पडतो. पण ज्याचा मुलगा स्वतःच महिनाअखेर टपरीवर उधारीचा चहा पितो, त्याने कुणावर दावा लावायचा? गरिबीला कुटुंबाचा प्रश्न ठरवलं की सरकार सुटतं, मालक सुटतो आणि भांडण सासू-सुनेत लागतं. हा फार जुना आणि फार स्वस्त उपाय आहे.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. जेसिका ब्रूडर या अमेरिकन पत्रकार बाईंनी २०१७ मध्ये 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिलं, त्यावर क्लोई झाओने केलेल्या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं. चित्रपट सुंदर आहे, वाळवंटातली संध्याकाळ आणि फ्रान्सेस मॅकडॉरमंडचा चेहरा. पुस्तक जास्त कडू आहे. त्यात साठी-सत्तरीची माणसं आहेत, २००८ च्या मंदीत घर, बचत गमावलेली. ती गाडीतच राहतात आणि हंगामाप्रमाणे कामं करत देशभर फिरतात: कधी कॅम्पच्या जागेची साफसफाई, कधी बीटची काढणी, आणि सणासुदीच्या गर्दीत ॲमेझॉनचं गोदाम. त्यांच्यासाठी कंपनीचा वेगळा कार्यक्रमच होता, 'कॅम्परफोर्स' नावाचा. दिवसभर मैलोन्मैल चालायचं, वाकायचं, उचलायचं. गोदामाच्या भिंतीवर वेदनाशामक गोळ्या फुकट देणारी यंत्रं लावलेली, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं. कंपनीच्या दृष्टीने ही आदर्श माणसं: वेळेवर येतात, तक्रार करत नाहीत, हंगाम संपला की आपलं घर आपणच चालवत निघून जातात.

गोदाम तेच, म्हातारे तेच. तिकडे ते गोदामाच्या आत, इकडे गेटच्या बाहेर. आणि बाहेर असल्यामुळे ते गोदामासाठी काम करतात हे आपल्या लक्षात येत नाही. नीट बघा. शेकडो माणसं पाळीत काम करतात, त्यांना चहा-नाश्ता लागतो. कायद्यात कॅन्टीनची तरतूद कामगारांच्या संख्येला बांधलेली आहे, आणि तीच माणसं चार-पाच कंत्राटदारांच्या हजेरीपटावर वाटलेली असतात. मग कॅन्टीन कोण चालवतं? रस्त्यावरचे काका-काकू. रांगेतल्या ड्रायव्हरला तोंड धुवायला पाणी कोण देतं? रात्री तीनला 'ह्या नंबरचं गोदाम कुठे' हे कोण सांगतं? गेटवरच्या वॉचमनला दोन तास सुट्टी हवी तर गाडीवर नजर कोण ठेवतं? या सगळ्याचं गोदामाला बिल येत नाही. तुम्हाला 'उद्या सकाळी डिलिव्हरी' असा मेसेज येतो, त्यात या टपरीचाही वाटा असतो आणि तो कुठल्याच हिशोबात लिहिलेला नसतो. उलट तिला नाव असतं अतिक्रमण.

महाराष्ट्राला तर जोडीने राबण्याची जुनी सवय आहे. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. उचल जोडीला मिळते, मोजणी जोडीची होते, बाईची वेगळी मजुरी कागदावर येतच नाही. बीडहून निघालेली जोडी पाच-सहा महिने फडावर, पाचटाच्या खोपीत. पाठ गेली की जोडी गावी परत, आणि पेन्शन शून्य. टपरीवरही तेच: दोन माणसं, एक धंदा. काकूंना तुम्ही विचारलंत की काय करता, तर म्हणतील, 'मी काय करते, ह्यांना मदत करते.' अठरा तासांची मदत.

बारामतीच्या लता करे आठवतात? साठी ओलांडलेल्या, मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, शेतमजुरी करणाऱ्या. नवऱ्याच्या एमआरआयला पैसे नव्हते, म्हणून २०१३ मध्ये नऊवारीत, अनवाणी मॅरेथॉनला उतरल्या आणि जिंकल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं, राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची विशेष दखल घेतली गेली. सगळं खरं आणि सगळं मोठं. पण त्या दिवशी एकाने तरी विचारायला हवं होतं की एका तपासणीसाठी आजीबाईंना शर्यत जिंकावी लागते, मग ज्या आजी दुसऱ्या आल्या त्यांच्या नवऱ्याचं काय? दिल्लीच्या मालवीय नगरमधला 'बाबा का ढाबा' ऑक्टोबर २०२० मध्ये एका व्हिडिओने देशभर पोचला. रांगा लागल्या, देणग्या आल्या, देणग्यांवरून तक्रार झाली, रेस्टॉरंट निघालं, काही महिन्यांत बंद पडलं आणि म्हातारा पुन्हा ढाब्यावर आला. दया अशीच वागते. ती एकाला निवडते, भरभरून देते आणि निघून जाते. पेन्शन कंटाळवाणी असते, दर महिन्याच्या एक तारखेला येते, तिला कुणाच्या डोळ्यांतलं पाणी लागत नाही. मला ती कंटाळवाणी गोष्ट हवी आहे.

हे वाचणाऱ्यांतले बरेच जण पंचविशी-तिशीचे असतील. तुमच्यातल्या किती जणांच्या ऑफर लेटरवर 'कन्सल्टंट' लिहिलंय? किती जण ॲपवरचे 'पार्टनर' आहेत? पार्टनरला पीएफ नसतो. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के गिग कामगारांच्या कल्याणासाठी द्यावेत असं लिहिलंय, पण त्यातून म्हातारपणी महिना किती मिळेल ते लिहिलेलं नाही. श्रमयोगी मानधन योजना २०१९ ला आली, अठरा ते चाळीस वयात नाव घालायचं, दरमहा पैसे भरायचे, साठीनंतर महिना तीन हजार. आज अठरा वर्षांच्या पोराने नाव घातलं तर त्याला ते तीन हजार मिळतील बेचाळीस वर्षांनी. बेचाळीस वर्षांनी तीन हजारांत काय येईल, याचा अंदाज आजच्या कटिंगच्या भावावरून करा.

आता काल्हेरपुरतं. २०१४ चा पथविक्रेता कायदा चांगला आहे: सर्वेक्षण होईपर्यंत उठवायचं नाही, विक्रेत्याला प्रमाणपत्र, समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी. पण त्याच्या पहिल्याच ओळीत तो 'शहरी' पथविक्रेत्यांसाठी आहे असं लिहिलंय. पुलाच्या पलीकडे ठाणे महापालिका, पुढे अंजूरफाट्यानंतर भिवंडी-निजामपूर महापालिका, आणि मधे आम्ही ग्रामपंचायत. टॉवर शहराचे, ट्रक शहराचे, भाडं शहराचं, कायदा गावाचा. नियोजन एमएमआरडीएकडे, मेट्रोही त्यांचीच, आणि टपरी उठवायला येणारा रोज वेगळा.

ग्रामपंचायतीला गोदामांची आणि आमच्या टॉवरांची घरपट्टी मिळते. त्या पैशातून रस्त्याकडेला बायकांसाठी दोन शौचालयं आणि टपऱ्यांसाठी आखलेली एक पट्टी, एवढं मागणं काही क्रांती नव्हे. मेट्रोच्या स्टेशनाखाली जागा निघणार आहे. तिथे कुणाची दुकानं येणार ते आत्ता ठरतंय, रिबन कापल्यावर नाही. हा विषय ग्रामसभेत मांडता येतो. २ ऑक्टोबरला सभा असते, २६ जानेवारीला असते. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टपऱ्यांचा विषय निघतो तेव्हा तो 'गेटसमोरची घाण' म्हणून निघतो, आणि लिहिणारे तेच असतात जे रविवारी रीलखाली जोडलेले हात टाकतात. त्यातल्या बहुतेकांनी ग्रामसभा कुठे भरते ते पाहिलेलं नाही.

काका-काकू सभेला जाऊ शकत नाहीत. टपरी सोडता येत नाही हे एक, आणि ग्रामसभेत बसतो तो गावच्या मतदार यादीतला माणूस. यांची नावं अजून सोलापूरकडच्या यादीत आहेत, रेशनकार्डही तिकडचंच. इथे नाव घालायला गेलं की राहण्याचा पुरावा मागतात. ताडपत्रीवर लाइट बिल येत नाही.